उतरलेला पंचम

चूक पहिल्यांदा पकडली ती आत्यानं. गेल्या दिवाळीत ती मिरजेला आमच्याकडे आली होती. जुन्या बाजारातून आणलेला टर्नटेबल नुकताच लागला होता, म्हणून कौतुकानं तिला एक जुनी ख्यालाची रेकॉर्ड लावून दिली. दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "अरे, तानपुऱ्याचा पंचम उतरलाय. एवढा मोठा गवई असा तानपुरा घेऊन बसेल होय?"

मिरजेत, तानपुरे घडवणाऱ्यांच्या गावात, हे ऐकून घेणं सोपं नाही. रेकॉर्ड उचलली तरी स्पीकरमधून बारीक घूंऽऽ येतच होतं. त्याची मला सवय झाली होती, आत्याला नव्हती. रात्री कागदावर गणित मांडलं. गवयाचा षड्ज काळी एक, म्हणजे साधारण 139 हर्ट्झ. तानपुऱ्याची पहिली तार खालच्या पंचमाची, 104. आपली वीज 50 ची. माझ्या छोट्या स्पीकरांना 50 झेपत नाही, पण त्याची दुप्पट 100 खणखणीत वाजते. 104 च्या शेजारी 100 अखंड चालू, म्हणजे सेकंदाला चार हेलकावे. तार सुरात होती, तिच्या मांडीला मांडी लावून महावितरण गात होतं.

ज्या दुकानात हे सांगितलं तिथे ॲम्पसाठी (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) अठरा हजारांची जाड पॉवर कॉर्ड, म्हणजे प्लगची वायर, दाखवली गेली. दीड मीटर. मी घरी येऊन पट्टी लावली. मीटरपासून हॉलच्या बोर्डापर्यंत 12 मीटर, दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, जाऊन-येऊन 24 मीटर. रोध पाव ओहमच्या जरा वर. ॲम्प एक अँपिअर घेतो म्हटलं तरी पाव व्होल्ट पडणार, 230 मधला. आमच्याकडे दिवसभरात व्होल्टेज 215 ते 240 असं हिंडतं आणि ॲम्पची काही तक्रार नसते. वायरच्या जाडीचा प्रश्न तिथेच मिटला.

मग एकेक गोष्ट बंद करत गेलो. फ्रिज, ट्यूब, इन्व्हर्टर, राउटर. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद केल्यावर थोडी चरचर कमी झाली, घूं तसंच. शेवटी टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सची, भिंतीतून आलेली केबल उपटली आणि खोली एकदम रिकामी झाली. बॉक्सचा आवाज मी ॲम्पला जोडला होता, म्हणून ही भानगड.

आनंदात आवाज वाढवायला हात लावला तर बोटांना झिणझिण्या!

इथे मला खरी गोष्ट कळली. मल्टीमीटर काढला. फेज आणि न्यूट्रल 228. फेज आणि अर्थ (जमिनीला जोडलेली वायर) 130. न्यूट्रल आणि अर्थ जवळपास शंभर, जे एक-दोन व्होल्टच्या पुढे असू नये. म्हणजे बोर्डाच्या तिसऱ्या भोकात हिरवी वायर होती, पण ती जमिनीपर्यंत पोचतच नव्हती. कॉम्प्युटर, फ्रिज, वॉशिंग मशिन, प्रत्येकातून फिल्टरच्या कपॅसिटरमार्गे थोडी थोडी गळती अर्थमध्ये येते. तिला जमीन मिळेना, म्हणून ती ॲम्पच्या पत्र्यात शिरून, आवाजाच्या वायरीच्या जाळीतून, सेटटॉप बॉक्समधून केबलवाल्याच्या वायरीवर चढून खांबावर जात होती. घरभराची गळती माझ्या गाण्याच्या वायरीतून वाहत होती; केबल उपटल्यावर तिला माझी बोटं सापडली. आणि टर्नटेबलची सुई देते पाचएक मिलिव्होल्ट. शिवाय ते मोठं करताना ॲम्प खालचे सूर मुद्दाम वर उचलतो. तिथे इवलीशी घूंसुद्धा पंगतीत जाऊन बसते.

एका मित्रानं सल्ला दिला: प्लगची अर्थची जाड पिन काढून टाक, घूं जाईल. जाते, हे खरं. पण उद्या ट्रान्सफॉर्मर आतून पत्र्याला चिकटला तर पत्र्यावर 230 उभे राहतात, आणि ॲम्पला हात लावणारी आत्या असते. हा उपाय सांगणाऱ्याला मी चहासुद्धा देत नाही.

वायरमन मामांनी परसात पेरूच्या झाडाजवळचा अर्थिंगचा खड्डा उकरला. फूटभरावरच पाइपाला जोडलेली पट्टी हातात आली, पिठासारखी. "गंजून गेलंय की ओ सगळं. किती वर्सं पाणी घातलं न्हाई?" घातलं नव्हतं, कारण घालायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. नवा खड्डा, नवा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, परत कोळसा. जाड वायर सरळ मेन बोर्डापर्यंत. सगळे मिळून त्या पॉवर कॉर्डच्या निम्मेही गेले नाहीत. आता न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड व्होल्ट दिसतो.

केबल परत लावली तर घूं अगदी बारीक येते, कारण घरची आणि केबलवाल्याची अशा दोन जमिनींचा फेरा राहतोच. म्हणून टीव्हीचा आवाज आता टीव्हीतूनच ऐकतो. बातम्यांना हायफाय कशाला? पंख्याला माळ्यावरचा जुना काळा ठोकळा रेग्युलेटर बसवलाय. गरम होतो, पण गप्प असतो.

संक्रांतीला आत्या परत आली. तीच रेकॉर्ड. या वेळी पूर्ण बाजू ऐकली आणि म्हणाली, "पंचम लागला. सुई मात्र बदल, निषादावर खरखरते."

मामा जाताना बजावून गेलेत, म्हणून रोज सकाळी तुळशीला तांब्या आणि रविवारी अर्थिंगला बादली.