यॉर्कशरमधली पांढरी

लेक लीड्सला राहते. मी यायच्या आधीच तिने फिरायची यादी करून ठेवली होती: यॉर्कचं मोठं चर्च, समुद्र, दोन-तीन किल्ले. मी यादीच्या खाली पेनाने एक नाव वाढवलं, वॅरम पर्सी. "तिथे काय आहे बाबा?" तिने विचारलं. म्हटलं, "काहीच नाही. म्हणूनच जायचं."

खुलासा करतो. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. तलाठी म्हणून लागलो, मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालो. माझ्या एका सज्जात एक बेचिराग गाव होतं. नाव दप्तरात, नकाशा दप्तरात, शिवार जिथल्या तिथे, पण राहतं माणूस एकही नाही. बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. जमीन शेजारच्या गावचे लोक कसायचे आणि दरवर्षी पीकपाहणीला मी तिथे एकटा फिरायचो. जुन्या गावठाणात पाय पडला की माती बदलायची. शिवाराची काळी संपून पांढरी सुरू व्हायची, पायाखाली खापरं वाजायची. तेव्हापासून उठलेल्या गावांचं मला वेड आहे. वॅरम पर्सी हे इंग्लंडातलं असंच उठलेलं, मध्ययुगातलं गाव. जावयाने मागे एकदा फोनवर त्याचा विमानातून काढलेला फोटो पाठवला होता. हिरव्या गवतात उंचवटे, चौकोन, मधून गेलेला खोलगट रस्ता. घरं, परडी, बांध सगळं ओळखू आलं. गाव नकाशा वाचायला मला कोणी शिकवावं लागत नाही.

लीड्सहून यॉर्क, पुढे मॉल्टन आणि तिथून दक्षिणेला वोल्ड्सच्या टेकड्यांत. गाडीने दीड तास लागला. तिथवर जाणारी बस असावी अशी अपेक्षाच करू नका. जागा इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे, तिकीट नाही. गाडी वरच्या रस्त्याला लावायची आणि सव्वा किलोमीटर चालत उतरायचं. मे महिना असूनही वारा असा की कानटोपी घातली. नातवाने माझ्याकडे बघून तोंड फिरवलं, पण पाचच मिनिटांनी जॅकेटची टोपी त्यानेही ओढून घेतली.

वाट उतारावरची, चिखलाची. खाली गायी सोडलेल्या होत्या. त्यांच्या शेणावरून माझा पाय घसरला आणि मी बसलोच. जावई धावत आला. "लागलं का बाबा?" लागलं नव्हतं, पँटचा रंग तेवढा बदलला. उठताना हात टेकला तेव्हा बघितलं, वाटेवरची माती पांढरट होती. हे सगळे डोंगर चॉकचे, म्हणजे चक्क खडूचे. आपल्याकडे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहून, राख-शेण-भिंती मिसळून गावठाण पांढरं होतं. इथे गावठाण आणि शिवार दोन्ही जन्मापासूनच पांढरं. काळी-पांढरीचा माझा हिशेब पहिल्याच घसरणीला कामातून गेला.

पुढे एक मोडलेली रेल्वेलाईन ओलांडली. मॉल्टन ते ड्रिफील्ड ही लाईन 1853 मध्ये सुरू झाली, 1950 मध्ये तिच्यावरचे उतारू बंद झाले. मग विटांची बैठी घरं लागली. 18व्या शतकात इथे सुधारित शेतीसाठी एक फार्म उभारलं होतं, त्याच्या आवारातली ही जागा. याच घरांत नंतर उत्खननवाल्यांचा मुक्काम असे.

त्या लोकांची गोष्ट मला गावाइतकीच आवडते. मॉरिस बेरेसफर्ड हे लीड्स विद्यापीठातले आर्थिक इतिहासकार. माणूस मुळात कागदाचा, माझ्या जातकुळीचा. जुन्या करयाद्यांत गावांची नावं दिसतात आणि पुढच्या याद्यांतून ती गायब होतात, हे त्यांना खटकलं. गेली कुठे ही गावं? त्या काळी बड्या बड्या इतिहासकारांचं मत असं की इंग्लंडात अशी उठलेली गावं फारशी नाहीतच. बेरेसफर्ड नकाशे घेऊन रानोमाळ हिंडले आणि गवताखालचे उंचवटे म्हणजे घरांची जोती आहेत हे सिद्ध करायला 1950 मध्ये इथे कुदळ मारली. ते काही पुरातत्त्ववाले नव्हते. भिंत लागली की भिंतीच्या कडेने खणत जायचं, एवढंच ज्ञान. दोनेक वर्षांत जॉन हर्स्ट हे खरे पुरातत्त्वज्ञ येऊन मिळाले आणि रीत बदलली. अरुंद चर खणायचे सोडून सगळं जोतंच्या जोतं एकदम उघडं करायचं, थर थर सोलत खाली जायचं. ही रीत हर्स्ट यांनी डेन्मार्कातल्या कामावरून उचलली. दोघांनी मिळून दर उन्हाळ्यात तीनेक आठवडे काम केलं, ते थेट 1990 पर्यंत. चाळीस हंगाम! आज इंग्लंडात अशी सुमारे 3000 उठलेली गावं माहीत आहेत.

घरांच्या मागून आपण एकदम पडक्या चर्चपाशी येतो. छप्पर नाही, मनोऱ्याचा निम्मा भाग 1959 मध्ये कोसळलेला, उरलेला अर्धा कापलेल्या पावासारखा उभा. भिंतीजवळ गेलं की मजा कळते. दक्षिणेच्या भिंतीत कमानी आहेत, पण दगडांनी बुजवलेल्या. इथे सुरुवातीला, 10व्या शतकात, लाकडाचं छोटं देऊळ होतं. मग दगडाचं झालं. वस्ती वाढली तशी दोन्ही अंगांना पडव्या काढल्या. वस्ती ओसरली तशा पडव्या पाडल्या आणि कमानी बुजवून टाकल्या. म्हणजे गावाची खानेसुमारीच भिंतीत चिणलेली. मला हे फेरफार नोंदवहीसारखं वाटलं. जुनी नोंद खोडायची, पण दिसेल अशी ठेवायची.

गाव उठलं तरी देऊळ चालू राहिलं, कारण शेजारच्या थिक्सनडेलची माणसं टेकडी ओलांडून इथेच यायची. 1870 मध्ये त्यांना गावात स्वतःचं चर्च मिळालं आणि इथली गर्दी संपली. शेवटची प्रार्थना 1949 ची. आपल्याकडेही बेचिराग गावात मारुती तेवढा मागे राहतो आणि शनिवारी कुणीतरी येऊन तेल घालून जातं.

चर्चच्या आत-बाहेर मिळून जवळजवळ 700 सांगाडे निघाले. इंग्लंडातल्या साध्या शेतकऱ्यांबद्दल इतकी माहिती क्वचितच कुठल्या एका जागेतून मिळाली असेल. हाडांच्या रसायनावरून कळलं की आया पोरांना दीडेक वर्ष अंगावर पाजायच्या. पोरं आजच्या त्याच वयाच्या पोरांपेक्षा चांगलीच खुजी होती. नातू दहाचा आहे, तो लगेच ताठ उभा राहिला. आणि एक चाळिशीचा गडी, साधारण 1000 सालच्या आगेमागे जगलेला. डोक्यात कुणीतरी जबर हाणलेलं, कवटी आत दबलेली. तर कुणा जाणत्याने भोवतालचं हाड तासून काढून दाब मोकळा केला आणि हा माणूस जगला. हाड भरून आलेलं दिसतं. या आडरानात, भुलीच्या औषधाशिवाय.

चर्चवरून चढण चढलो की पठार लागतं आणि तिथे गाव आहे. म्हणजे गवत आहे. पण उन्हं कलती असतील तर हळूहळू डोळ्यांना सवय होते. रस्त्याला तोंड करून एका ओळीत घरांची जोती, प्रत्येकाच्या मागे सारख्या रुंदीचं लांबट परडं. हे आपोआप वाढलेलं गाव नव्हे, कुणीतरी दोरी धरून आखून दिलेलं आहे. टोकाला गढीची जागा. गढी दोन होत्या, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. दक्षिणेची सापडली ती गंमतच. कुळाचं साधं घर म्हणून खणायला घेतलं, तर खाली 12व्या शतकातल्या गढीचं तळघर निघालं! त्याच्याही आधीच्या काळात तिथल्या परिसरात लोहाराची भट्टी होती आणि त्याहून मागे रोमन अमलातली शेतं. जमीन कुणाची ते विचारू नका, सातबारा दोन हजार वर्षांचा निघेल.

मागे सरी-वरंब्यासारख्या लाटा दिसतात. आठबैली नांगराने वर्षानुवर्षं एकाच अंगाला माती ओढून झालेल्या. विल्यम राजाने 1086 मध्ये जी जमाबंदी केली, डोम्सडे बुक, तीत या गावाचं नाव आहे. ते काम करणाऱ्या कारकुनांबद्दल मला बंधुभाव वाटतो.

घरांबद्दल पहिल्यांदा बेरेसफर्ड-हर्स्ट यांचा समज असा झाला की ही झोपडी वजा बांधकामं, दर पिढीला पाडून नवी करावी लागत असतील. जोत्यांवर जोती दिसत होती ना. पुढे स्टुअर्ट रॅथमेल या पुरातत्त्वज्ञांनी दाखवलं की चुना-खडूच्या भिंतींवर भारच नव्हता. जमिनीपासून आढ्यापर्यंत गेलेल्या वाकड्या लाकडांच्या जोड्यांवर घर उभं असायचं, भिंती फक्त आडोसा. त्या पडल्या की परत रचायच्या, सांगाडा तोच. म्हणजे घरं चांगली टिकाऊ. घरांतून कुलपं-किल्ल्या निघाल्या, समुद्री माशांचे काटे निघाले. कुलूप लावण्यासारखं काहीतरी घरात होतं तर.

मग गाव गेलं कुठे?

तिथे भेटलेल्या एका वयस्क जोडप्याने मला आपणहून सांगितलं, "प्लेग." सगळे तेच सांगतात. 1348-49 ची मोठी मरी आली खरी, माणसं मेलीही असतील. पण 1323 च्या एका कागदातच पडीक जमीन आणि मोडक्या गिरण्या नोंदलेल्या आहेत, म्हणजे उतार आधीच लागला होता. आणि मरीनंतर, 1368 मध्ये, सुमारे 30 घरांत माणसं नांदत होती. मेलेलं गाव असं नसतं. पुढे गावाचे मालक असलेल्या पर्सी घराण्याने हे गाव अदलाबदलीत हिल्टन घराण्याला दिलं. मजूर कमी उरल्याने मजुरी चढली होती, धान्याला भाव नव्हता, लोकरीला होता. नांगराला माणसं लागतात, मेंढरांना एक धनगर आणि एक कुत्रा पुरतो. 1517 मध्ये राजाचे मुख्य मंत्री कार्डिनल वूल्झी यांनी अशा उठवलेल्या गावांची चौकशी लावली. तिच्यात वॅरम पर्सीची नोंद आहे, जणू पंचनामा: चार घरं पडली, चार नांगर थांबले. साधारण 1500 च्या सुमारास शेवटच्या कुळांना घालवून दिलं. मरीवर ढकललं की कुणावरच बोट जात नाही, म्हणून ती गोष्ट टिकली असावी, असं आपलं माझं मत. मालकाचं नाव कागदावर असताना रोगाला कशाला आरोपी करायचं?

ही भानगड मी मुलीला सांगत होतो तेव्हा समोर त्याच जोत्यांवर मेंढ्या चरत होत्या. पाचशे वर्षं ताबा त्यांचाच.

एक गोष्ट मी नातवासमोर बोललो नाही, इथे लिहितो. 1960 च्या दशकात वस्तीच्या भागातल्या खड्ड्यांत, दफनभूमीपासून लांब, मोडलेली माणसांची हाडं मिळाली होती. ती 2017 मध्ये नव्याने तपासली. 137 तुकडे, निदान दहा माणसं, 11व्या ते 14व्या शतकांतली. मरणानंतर डोकी तोडलेली, हाडं मोडलेली, काही जाळलेली. दुष्काळात माणूस माणसाला खातो तसं असेल का, तर सुरीचे घाव सांध्यांपाशी नाहीत, मानेपाशी गर्दी करून आहेत. परके असतील का, तर दातांवरून कळलं की ती इथल्याच मातीत वाढलेली. संशोधकांना सगळ्यात पटणारा अर्थ असा: मेलेला माणूस उठून गावात फिरेल या भीतीने गावकऱ्यांनी आपल्याच माणसांचे देह असे मोडले.

माझ्या अंगावर काटा आला तो वेगळ्या कारणाने. मी शिरूर तालुक्यातला. आमच्या घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 उत्खनन केलं, तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. तिथेही असंच, चर न खणता घरंच्या घरं उघडी केली होती. शाळेची सहल गेली होती तेव्हा एका खड्ड्यातला सांगाडा दाखवून मास्तर म्हणाले होते, "पाय बघा." घोट्याखाली पाऊल नव्हतं. तिथे घरातच पुरायचे आणि मोठ्या माणसांची पावलं आधी तोडायचे, मेलेला चालत निघून जाऊ नये किंवा भूत होऊन हिंडू नये म्हणून, असा तज्ज्ञांचा तर्क. मी तेव्हा नातवाएवढाच होतो. पुढे महिनाभर रात्री पांघरुणाबाहेर पाय काढला नाही.

खाली तळ्याच्या बांधावर बसून धपाटे खाल्ले. हे तळं गिरणीसाठी अडवलेलं, नंतर मासे पाळायचं. वारा पडला होता, लार्क पक्षी वर कुठेतरी एकसारखा ओरडत होता. नातवाने एक खापर उचललं. इथून काही न्यायचं नसतं म्हणून त्याला ते परत ठेवायला लावलं. त्याने अगदी जिथून काढलं त्याच खळगीत ते उलटं बसवलं.

गाडीपाशी पोचेपर्यंत माझे बूट खडूने पांढरेफटक झाले होते. "बाबा, असेच गाडीत नका येऊ," लेक म्हणाली. फाटकाच्या खांबावर आपटून आपटून झाडले. खाचांतली निघेना, तशीच घेऊन बसलो.