तुम्ही विचारलेत म्हणून: ॲलर्जी असूनही मी नखांचे काम कसे करते?

"ताई, तुमालेच याची ॲलर्जी हाय म्हन्ते, मंग हे काम काहून करता?" लग्नसराईत नवरीची आई, मावशी किंवा करवली यांपैकी कोणीतरी मला हा प्रश्न हमखास विचारते. त्यात माझ्याबद्दलची काळजी असतेच, पण आमच्या पोरीला तर काही होणार नाही ना, ही न बोललेली शंकाही असते. हातात ब्रश असताना आणि समोर नवरीची दहा बोटे असताना याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे छोटे पार्लर आहे आणि आजूबाजूच्या खेड्यांतूनही मुली माझ्याकडे येतात.

मला ॲलर्जी आहे ती ॲक्रिलेट कुळातील रसायनांची, आणि त्यातही मुख्यतः 'हेमा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घटकाची. जेल पॉलिश, नखांची लांबी वाढवणारी एक्स्टेंशन, त्यांच्याखाली लावायचा बेस, या सर्वांत याच कुळातील रसायने असतात. बाटलीतले जेल पातळ असते, कारण त्यातील रेणू सुटे असतात. जेल पक्के करणाऱ्या खास प्रकाशाच्या लॅम्पखाली हात धरला की ते एकमेकांत गुंफले जाऊन कडक थर तयार होतो. पूर्णपणे गुंफला गेलेला थर त्वचेला सहसा त्रास देत नाही, पण सुटे राहिलेले रेणू इतके लहान असतात की ते त्वचेतून सहज आत शिरतात. माझ्या कामाच्या सगळ्या सवयी या एका गोष्टीवर बेतलेल्या आहेत.

हे समजावून सांगताना मी बिब्ब्याचे उदाहरण देते, कारण ते आमच्याकडे लहान मुलालाही कळते. गोडंबी काढण्यासाठी बिब्बे फोडणारी एखादी बाई वर्षानुवर्षे तेच काम करते आणि तिला काही होत नाही, तर दुसऱ्या एखादीला तेलाचा नुसता डाग लागला तरी बिब्बा उततो, आणि तोही लागल्या क्षणी न उतता एक-दोन दिवसांनी उततो. ॲक्रिलेटचेही तसेच आहे. शरीरातील संरक्षक पेशी त्या पदार्थाची ओळख धरून ठेवतात. ही ओळख तयार व्हायला काही आठवडे लागतात किंवा कित्येक वर्षेही लागतात, पण एकदा ती तयार झाली की साधारणपणे जन्मभर राहते. त्यामुळे तुमच्या अंगात उष्णता आहे, वांगे बंद करा, सब्जा प्या, असे जे सल्ले मला मायेने मिळतात, त्यांनी ही ओळख पुसली जात नाही.

माझ्या बाबतीत सुरुवात उजव्या हाताच्या अंगठ्याच्या व तर्जनीच्या टोकांपासून झाली. त्वचा कोरडी पडली, मग तिला बारीक भेगा गेल्या, आणि भाकरीचे पीठ मळताना त्या भेगांत मीठ गेले की डोळ्यांत पाणी येई. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्यासारखे वाटायचे, कढईचा चटका उशिरा कळायचा. पुढे माझी स्वतःची दोन नखे टोकाकडून सुटू लागली आणि एका सकाळी पापण्या सुजून डोळे अर्धे मिटले. आमच्या भागात पापण्या सुजल्या की पहिला संशय गाजरगवतावर जातो, आणि त्यात चूक काही नाही, कारण निंदणाला जाणाऱ्या कितीतरी बायकांना त्याची अशीच ॲलर्जी होते. पण मी शेतात जात नव्हते, आणि गाजरगवताचा त्रास बोटांच्या नेमक्या टोकांवर भेगा पाडून थांबत नाही. बोटाला लागलेले जेल नकळत डोळ्यांपर्यंत पोहोचते आणि पापण्यांची त्वचा अतिशय पातळ असल्याने तिथे ते लवकर दिसते, हे मला त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले.

त्यांच्याकडे पोहोचेपर्यंत काही काळ वाया गेला होता. नखे सुटलेली पाहून कोणी बुरशी म्हटले, कोणी नायटा, आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालेल्या एका ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड व बुरशीचे औषध यांचे मिश्रण होते. असली ट्यूब पापण्यांना लावू नये, हे मी प्रत्येक मुलीला बजावून सांगते. तीव्र स्टेरॉइडने तेथील त्वचा आणखी पातळ होते आणि दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाबही वाढू शकतो. डॉक्टरही स्टेरॉइड देतात, परंतु कोणत्या जागी, किती तीव्र आणि किती दिवस हे ठरवून देतात.

निदान पक्के झाले ते पॅच टेस्टने. यात संशयित पदार्थांचे अत्यल्प प्रमाण असलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, त्या दोन दिवसांनी काढतात आणि त्या वेळी व पुन्हा एक-दोन दिवसांनी पाठ तपासतात. तोपर्यंत पाठीवर पाणी घेता येत नाही आणि घाम चालत नाही, त्यामुळे आमच्याकडच्या मे महिन्यात ही तपासणी करून घेण्यात अर्थ नसतो. दिवाळीनंतरचे दिवस चांगले. आपण नखांचे काम करतो हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण त्यावरून कोणत्या पट्ट्या लावायच्या हे त्यांना ठरवता येते. युरोपात पॅच टेस्टसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पायाभूत संचातसुद्धा हेमाचा समावेश २०१९ मध्ये झाला, यावरून हा त्रास अलीकडे किती वाढला आहे याची कल्पना यावी.

आता हातमोज्यांविषयी, कारण सर्वांत मोठा गैरसमज तेथेच आहे. मी ज्या शहरी वर्गात नखांचे काम शिकले, तेथे हातमोज्यांचा विषय निघालाच नाही, आणि आज जे वापरतात त्यांनाही असे वाटते की एकदा ते चढवले की दिवसभराची काळजी मिटली. लेटेक्सचे हातमोजे या रसायनांपुढे जवळजवळ निरुपयोगी आहेत. नायट्राइलचे त्यांच्यापेक्षा चांगले, परंतु ॲक्रिलेट त्यातूनही काही मिनिटांत आरपार जाते, आणि सोबत नखांवरचा रंग काढायचे ॲसिटोन लागले तर आणखी लवकर जाते. म्हणून हातमोज्यावर जेलचा थेंब दिसला की मी तो पुसत बसत नाही, त्याच क्षणी हातमोजा बदलते. अनेक थरांच्या प्लास्टिकचे खास हातमोजे असतात, त्यांतून ही रसायने कित्येक तास जात नाहीत, मात्र ते ढगळ असल्यामुळे त्यांत ब्रश नीट धरता येत नाही. मी त्यांची बोटे कापून टोप्यांसारखी आत घालते आणि वरून नायट्राइलचा हातमोजा चढवते. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आत घामाचे पाणी साठते आणि ओलसर त्वचा आणखी नाजूक होते, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकानंतर हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, साधे बिनवासाचे मलम लावते. याचा खर्च आहे आणि तो मी दरात धरते. त्यावर घासाघीस झाली तर मी काम सोडते, हातमोजे सोडत नाही.

हातमोजे चढवूनही जेल कशालाच लागू न देणे हे खरे काम आहे. बाटलीच्या तोंडाशी साचलेले जेल झाकण लावताना दांड्यावर उतरते, तोच दांडा बोटांत धरला जातो, आणि बहुतेक जणींची ॲलर्जी अंगठा-तर्जनीपासून का सुरू होते ते यातून कळते. म्हणून बाटलीचे तोंड प्रत्येक वेळी पुसून घ्यावे लागते. नखाच्या मुळाशी आणि कडांना केसाएवढी जागा मोकळी ठेवते. थर चामडीवर चढला तर लॅम्पखाली धरण्यापूर्वीच काडीने काढून टाकते. लॅम्पमधून काढल्यावर वर जो चिकट थर उरतो, त्यात सुटे रेणू असतात, तेव्हा तो पुसलेला कापूस दुसऱ्या बोटावर फिरवत नाही आणि झाकणाच्या डब्यातच टाकते. हातमोजे घातलेल्या हाताने मोबाइल उचलायचा नाही, पदर सावरायचा नाही, कपाळावरची बट मागे सारायची नाही.

त्याहूनही महत्त्वाचा आहे तो लॅम्प. जेल ज्या कंपनीचे असेल तिने सांगितलेलाच लॅम्प आणि तिने सांगितलेलाच वेळ पाळावा, कारण हे लॅम्प साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतात आणि प्रत्येक जेलला त्यातला आपापला भाग व तीव्रता लागते. वरून कडक झालेले जेल खालून कच्चे असू शकते. गडद काळा आणि पांढरा रंग तर प्रकाश अडवतात, तेव्हा ते पातळच लावावे लागतात. चार बोटे सपाट राहतात आणि अंगठा तिरपा पडतो, म्हणून दोन्ही अंगठे मी वेगळे धरायला लावते. आमच्याकडची खरी अडचण विजेची आहे. थर अर्धा झालेला असताना वीज गेली तर हात तसाच बाहेर काढून गप्पा मारत बसणे धोक्याचे आहे, आणि व्होल्टेज कमी असताना जुन्या ट्यूबच्या लॅम्पचा प्रकाश मंदावतो, तरी त्याची घंटी मात्र वेळेवर वाजते. लॅम्पसाठी मी वेगळा इन्व्हर्टर घेतला तो याच कारणाने, आणि माझ्या पार्लरमधली ती सर्वांत उपयोगाची खरेदी आहे असे मी मानते.

घासताना उडणाऱ्या पांढऱ्या भुकटीतही कच्चे जेल असू शकते. उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट टेबलावर असेल, तर ती भुकटी माझ्या पापण्यांवर, मानेवर आणि गिऱ्हाइकाच्या ओढणीवर बसते. म्हणून कूलर माझ्या पाठीमागून तिरपा लावला आहे, टेबलावर भुकटी ओढणारा पंखा आहे, तोंडाला मास्क असतो आणि बाह्या मनगटापर्यंत असतात. मास्क भुकटी अडवतो, वाफ अडवत नाही, तेव्हा खिडकी उघडी हवीच.

'हेमा-फ्री' असे लिहिलेली बाटली घेतली की प्रश्न सुटला, असे मला पुष्कळ जणी सांगतात. मीही तशा बाटल्या वापरते, परंतु त्यांत बहुधा त्याच कुळातील दुसरे रसायन असते आणि एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही असू शकते. युरोपीय संघाने २०२१ पासून हेमा असलेली नखांची उत्पादने केवळ व्यावसायिकांसाठी ठेवली आणि त्यांवर ॲलर्जीची सूचना छापणे सक्तीचे केले. आपल्याकडे ऑनलाइन मागवलेला लॅम्पसह संच शाळकरी मुलीच्या हातात असतो, आणि बाजारात मिळणाऱ्या काही बाटल्यांवर घटकांची यादीच नसते. यादी नसलेली बाटली मी घेत नाही.

पावडर आणि उग्र वासाचे द्रावण वापरून करायची ॲक्रिलिक नखे मी पूर्णपणे बंद केली आहेत. जेलची कामे कमी घेते, दोन कामांमध्ये अंतर ठेवते, आणि मेंदी, साधे मॅनिक्युअर व पेडिक्युअर यांवर भर देते. हात पुन्हा फाटू लागले तर जेलही बंद करावे लागेल, हे डॉक्टरांनी मला सांगितलेले आहे आणि मला ते मान्य आहे. दातांत पांढरे सिमेंट भरण्यापूर्वी, सिमेंट वापरून गुडघ्याचा सांधा बदलण्यापूर्वी, किंवा रक्तातली साखर मोजणारा सेन्सर दंडाला चिकटवण्यापूर्वी ही ॲलर्जी डॉक्टरांच्या कानावर घालणे आवश्यक असते, कारण या सर्वांत याच कुळातील रसायने येऊ शकतात. माझ्या पर्समध्ये तशी चिठ्ठी ठेवलेली आहे.

आता नवरीच्या आईच्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. काम हाती घेण्यापूर्वी मी मुलीची बोटे उजेडात पाहते. भेगा, खाज, सुटलेले नख किंवा पूर्वी जेल लावल्यानंतर पापण्या सुजल्याचा इतिहास असेल तर जेल लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी लावत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच जेल लावून घेऊ नये, असे मी सांगते, कारण त्रास व्हायचाच असेल तर तो नेमका लग्नाच्या किंवा सत्यनारायणाच्या दिवशी वर येईल. पंधरा-वीस दिवस आधी एकदा लावून पाहणे बरे, जरी त्यातूनही पूर्ण खात्री मिळत नाही. नंतर दोन-तीन दिवसांत नखाभोवती खाज किंवा फोड आले, तर नख उपटून काढू नये, मला फोन करावा. मी ते सावकाश उतरवून देते आणि वापरलेल्या प्रत्येक बाटलीवरील घटकांचा फोटो पाठवते, तो घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे.