काखेतीतला गुरुवार

तिबिलिसी, गुरुवार ९ ऑक्टोबर, रात्र

पाय सुजलेत, जिभेवर अजून द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा आहे आणि ताई शेजारच्या पलंगावर घोरतेय. आत्ताच लिहायला हवं. उद्या ही नावं आठवणार नाहीत. आजही ती नीट उच्चारता येत नाहीतच.

आम्ही जॉर्जियाला आलो ते ताईच्या लेकाला भेटायला. इथे डॉक्टरकी शिकायला आलेली आपली मुलं इतकी आहेत, की मेट्रोत मागून मराठी ऐकू आलं तरी आता मान वळत नाही. त्याची आज परीक्षा. दोघींनी दिवसभर खोलीत बसून त्याचं डोकं खाऊ नये म्हणून त्याने आम्हाला एका दिवसाच्या सहलीत बसवून दिलं. "मावशी, वाइन, जेवण, जुनी चर्चेस, सगळं एका दिवसात उरकतं." उरकतं, हा त्याचाच शब्द.

गाडीत चढता चढता ताई म्हणाली, "अगो, आज गुरुवार."

ताईचा गुरुवार म्हणजे मांस-मासळी वर्ज्य. दारू म्हणाल तर ती सातही वार वर्ज्यच. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी मात्र थोडी सैल झालेय. आता गाईडबाईला हे वारांचं प्रकरण समजवायचं कसं, या विचारात मी होते, तर तीच म्हणाली, "समारखवो." त्यांच्यातही बुधवारी आणि शुक्रवारी मांस, दूध, अंडी चालत नाहीत, आणि त्या उपासाच्या जेवणाला हा शब्द. खानावळीत एवढं म्हटलं की राजमा, मशरूम, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी असं काय काय समोर येतं. ताईने तो शब्द बॉलपेनने तळहातावर लिहून घेतला. चार दिवस बिचारीने खाचापुरीवर काढले होते. आत चीज भरलेली ती जाड भाकरी एकदा खाल्ली की संध्याकाळपर्यंत पोटात दगड.

इथे पावालाच पुरी म्हणतात. रस्त्याकडेच्या एका भट्टीपाशी गाडी थांबली. भट्टी म्हणजे उभी, विहिरीसारखी. तिला तोने म्हणतात. आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, लांब दांड्याने पाव आत सारतो. हा गडी कणकेची लांबोडी पट्टी फळीवर घेऊन कमरेपर्यंत आत वाकला, पाय जमिनीवरून सुटले, आणि पाव भिंतीवर थापून पुन्हा वर आला. तोंड लालबुंद. असं दिवसातून किती वेळा, असं विचारायचं राहिलं. पावाला दोन्हीकडे तलवारीसारखी टोकं असतात. ती आधी मोडून खायची, कुरकुरीत. आमची तर गाडीत परत चढेपर्यंत संपलीसुद्धा.

मग गोंबोरीचा घाट. अनमोडसारखाच वळणावळणांचा, फक्त झाडं पिवळी पडलेली. पलीकडे उतरलं की अलाझानी नदीचं खोरं, खोरंभर द्राक्षमळे आणि त्यांच्या मागे काकेशसची बर्फाची भिंत. हा काखेती प्रांत. ऱ्त्वेली, म्हणजे द्राक्षतोडणी, संपत आलेली. तरी ट्रकभर द्राक्षं वाटेत भेटत होती, नुसती ओतलेली, ना खोका ना कागद. तेलावीत नऊशे वर्षांचा चिनार दाखवला. मोठा आहे.

अलावेर्दीचं चर्च अकराव्या शतकातलं, पन्नास मीटरहून उंच, आणि भोवती सपाट मळे असल्यामुळे मैलभर आधीपासून दिसत राहतं. दारात बायकांसाठी कमरेला गुंडाळायचे घागरे ठेवलेत. सलवारवर घागरा आणि डोक्यावर ओढणी अशा अवतारात आम्ही दोघी उभ्या होतो, तेव्हा गाईडबाईने सहज विचारलं, इंडियात नक्की कुठून?

"गोवा," मी म्हटलं. पुढे आता समुद्र, पार्टी, स्वस्त दारू यांपैकी काहीतरी ऐकायची मनाची तयारी होतीच.

ती काहीच बोलली नाही. माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, "आमची केटेवान तुमच्याकडे होती."

मला एकदम दिवे लागले. सेंट ऑगस्टीनचा मनोरा! अठ्ठावीस वर्षं मी फोंडा-पणजी बसने कामाला गेले. जुन्या गोव्याच्या थांब्यावर निम्मी बस रिकामी व्हायची आणि मला बसायला जागा मिळायची, माझ्या लेखी त्या गावाचं महत्त्व एवढंच. टेकाडावरचा तो अर्धा उरलेला जांभ्या दगडाचा मनोरा शाळेच्या सहलीत पाहिला होता, त्याच्या सावलीत डबा खाल्ला होता. तिथे जॉर्जियाच्या राणीची हाडं सापडली, असं पेपरात वाचल्याचंही आठवत होतं. पण पेपरातली राणी ती पेपरातच राहिली होती.

आणि इथे मी तिच्याच मुलखात उभी. केटेवान या काखेतीची राणी. इराणच्या शाह अब्बासशी बोलणी करायला ती गेली आणि ओलीस म्हणून शिराझला दहाएक वर्षं अडकली. धर्म बदल म्हणाले, ती नाही म्हणाली. १६२४ च्या सप्टेंबरात तापलेल्या लोखंडी सांडशींनी हाल करून तिला मारलं. शिराझमध्ये तेव्हा पोर्तुगीज ऑगस्टिनियन पाद्री होते. त्यांनी तिचे अवशेष गुपचूप काढले. काही भाग तिचा मुलगा तैमुराझ याच्याकडे पोचवला, तो याच अलावेर्दीत ठेवला गेला, आणि एक हात आपल्या मठात नेला, जुन्या गोव्याला. पुढे १८३५ मध्ये मठ ओस पडला, छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोराही गेला, आणि राणी जांभ्याच्या ढिगाऱ्याखाली. जॉर्जियातून माणसं शोधायला येत राहिली. अखेर पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात हाड मिळालं, हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनए तपासला, आणि जुलै २०२१ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यातला एक भाग इथे आणून सुपूर्द केला.

हे सगळं गाईडबाईने तिथे उभ्याउभ्या सांगितलं, पोलंडचं जोडपं आणि केरळची चार पोरं ऐकत होती. शेवटी म्हणाली, तिचा सण दोनच आठवड्यांपूर्वी झाला, २६ सप्टेंबरला. ताईने विचारलं, "मग तुम्ही त्या दिवशी काय करता?" मला वाटलं काहीतरी विधी सांगेल. ती म्हणाली, माझ्या आजीचं नाव केटेवान आहे, आम्ही तिच्याकडे जेवायला जातो.

जेवण गावातल्या एका घरी. जाहिरातीत 'घरगुती' लिहिलं होतं. प्रत्यक्षात मांडवात आणखी दोन गाड्यांची माणसं आधीच बसलेली. पण आजोबा खरे निघाले.

आजोबांनी आधी मरानीत नेलं. मरानी म्हणजे वाइनची खोली. आत गेल्यावर रिकामीच वाटते, कारण भांडी दिसत नाहीत. फरशीत फक्त गोल तोंडं, कळशीच्या झाकणाएवढी काही, काही परातीएवढी. खाली गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण, त्यांना क्वेव्री म्हणतात, एकेकात हजार हजार लिटर मावतात. कुंभार मातीच्या वळ्या एकावर एक चढवत जातो, दिवसाला जेमतेम वीतभर, आणि भाजून झाल्यावर आतून मधमाशीचं मेण फासतात. तळ निमुळता, म्हणजे बिया सगळ्यात खाली जाऊन बसतात. जमिनीचा गारवा हाच फ्रिज. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत आपल्या वारसायादीत घातली. आणि तिबिलिसीच्या दक्षिणेला सापडलेल्या खापरांवर आठ हजार वर्षांपूर्वीच्या द्राक्षवाइनचे अंश आहेत, हे २०१७ मध्ये जाहीर झालं. हा आकडा इथला टॅक्सीवालासुद्धा सांगतो, मीटरपेक्षा खात्रीने.

एक क्वेव्री अजून आंबत होती. यंदाची रकात्सितेली, पांढरी द्राक्षं. आजोबांनी झाकण सरकवलं आणि हाताने खूण केली: नाक घालू नका, वायू असतो, घेरी येते. मग कान दाखवला. मी गुडघ्यांवर बसले (उठताना ताईने ओढून काढलं). आतून बारीक सुसू आवाज येत होता, तव्यावर शिंतोडे उडावेत तसा. वर सालींचा जाड थर तरंगत होता, खालचा रस त्याला ढकलत होता. आजोबांनी माझ्या हातात लाकडी दांडा दिला. थर दाबला की तो कुरकुर करत बुडतो, फेस वर येतो आणि आंब्याच्या अढीसारखा वास भप्पकन अंगावर येतो. हे दिवसातून तीन-चारदा करायचं, रात्रीसुद्धा. पुढे साली आपोआप खाली बसतात, मग तोंड दगडाने नि ओल्या मातीने बंद करायचं ते थेट वसंतात उघडायचं. साल, बी, देठ सगळं तसंच आत. म्हणून पांढऱ्या द्राक्षांची वाइन पांढरी न राहता कोऱ्या चहाच्या रंगाची होते, आणि तुरटपणाही कोऱ्या चहाचाच, मागे सुक्या जर्दाळूची चव. मला पहिला घोट आवडला नाही. तिसऱ्यापासून आवडली.

कोपऱ्यात झाडाचं खोड कोरून केलेली लांब डोणी होती, द्राक्षं तुडवायची. ताई म्हणाली, "कोळंबी गो ही!" कोळंबी म्हणजे आमच्याकडे काजूची बोंडं तुडवायची जागा. लहानपणी मामाकडे ती आम्ही अशीच पायांनी तुडवलीयत, आणि निरो, म्हणजे त्यांचा रस, प्यायलोय. वाइन काढायची पळी म्हणजे दांड्याला लावलेला सुका तुंबा. तो हातात घेऊन ताईने दोन टिचक्या मारल्या. तंबोऱ्याची सवय.

आजोबांनी सांगितलं, सोव्हिएत काळात मळा सरकारी झाला, द्राक्षं कारखान्याला जायची, पण घरामागची एक क्वेव्री वडिलांनी कधी रिकामी ठेवली नाही. १९८५ मध्ये गोर्बाचोव्ह यांच्या दारूविरोधी मोहिमेत मळेच उपटले. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियाची वाइन घेणंच बंद केलं. तेव्हा आम्ही चांगली वाइन करायला लागलो, असं म्हणून ते हसले. गाईडबाईने भाषांतर करताना 'पुन्हा' हा शब्द पदरचा घातला असावा, कारण आजोबांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

जेवणाला इथे सुप्रा म्हणतात, आणि त्यात मनाला येईल तेव्हा पेला उचलायचा नाही. तमादा, म्हणजे पंगतीचा सूत्रधार, उठून बोलतो, मग सगळे 'गाउमार्जोस' म्हणतात, मग पितात. तमादा अर्थात आजोबा. पाण्याने शुभेच्छा देणं अशुभ, म्हणून ताईसाठी आतून न आंबलेला ताजा रस आला. पहिला पेला शांततेला. दुसरा या भूमीला. तिसरा गेलेल्या माणसांना. तेव्हा आजोबांनी पावाच्या तुकड्यावर वाइनचे थेंब सोडले. ताईने पानाभोवती बोटाने पाणी फिरवलं. कोणी कोणाला काही समजावलं नाही.

मध्येच तिघे शेजारी गायला लागले. एकाचा आवाज वर, एकाचा मध्ये, आणि तिसरा खाली नुसता सूर धरून, षड्जासारखा. गाईडबाई अभिमानाने म्हणाली, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर जी तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यात काखेतीचं 'चाक्रुलो' आहे. हे त्यातलं नव्हे, ते अवघड असतं. ताईने चमचा खाली ठेवला. "तिला सांग, त्याच तबकडीत आमच्या केरीच्या केसरबाई आहेत. भैरवी." मी सांगितलं. ताईची सुरश्री केसरबाई केरकरांवरची भक्ती मला ठाऊक आहे, त्यामुळे पुढची दहा मिनिटं मी दुभाषी होते आणि माझी खिंकाली गार झाली. (खिंकाली म्हणजे मोदकाचे आडदांड भाऊ. शेंडी धरून आधी आतला रस्सा ओढायचा, आणि शेंडी टाकून द्यायची. मी मशरूमच्या पाच खाल्ल्या.)

मग गाईडबाई आजोबांच्या कानाशी काहीतरी बोलली. ते उठले. बोलले थोडंच, मला त्यातलं केटेवान आणि गोवा एवढंच कळलं. मांडवातले सगळे पुरुष उभे राहिले, दुसऱ्या गाड्यांमधले ड्रायव्हरसुद्धा. आम्हीही उठलो. मला फार अवघडल्यासारखं झालं. आम्ही काय केलं होतं? बसमधून जा-ये.

सिघनाघी पाहिलं, तटबंदी, लाल कौलं, फोटो. सेंट निनोची समाधी असलेलं बोद्बे कार्यक्रमात होतं, पण उशीर झाला म्हणून गाळलं आणि पैसे परत द्यायचं नाव नाही. भाच्याला सांगितलंय भांडायला.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सकाळपासून बॅगा भरतोय. काल उतरताना गाईडबाईने अलावेर्दीत घेतलेली एक मेणबत्ती माझ्या हातात ठेवली, करंगळीहून बारीक, पिवळ्या मेणाची, मधाचा वास येणारी. मनोऱ्यापाशी लाव म्हणाली. मी हो म्हटलं.

ताईने शेजारपाजारच्यांसाठी चुर्चखेला घेतल्यात डझनभर. अक्रोड दोऱ्यात ओवून द्राक्षरसाच्या पिठल्यात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात, दिसतात हुबेहूब मेणबत्त्यांसारख्या. खरी मेणबत्ती वाकू नये म्हणून तिने ती त्याच जुडीत मधोमध बांधून टाकली, वर जुनी साडी गुंडाळली, आणि बॅगेवर बसून चेन लावली. आता भाचा आलाय परीक्षा देऊन, भुकेला, आणि विचारतोय की त्यातली एक काढून देता का.