जाळीच्या अलीकडे, जाळीच्या पलीकडे

शिकागोहून कॅन्सस सिटी गाडीने आठ-साडेआठ तास. पुण्याहून आलेले बाबा सोबत होते. बेसबॉल त्यांना अनोळखी, जुन्या क्रिकेटचा मात्र नाद. आदल्या रात्रीच पोचलो आणि सकाळी दार उघडताच नीग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियम गाठलं. मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली सर्वांत वरची बेसबॉल लीग, काळ्यांना बंद होती तेव्हा त्यांनी उभ्या केलेल्या या वेगळ्या लीग्ज. सोमवारी ते बंद असतं, बेत त्या हिशेबाने आखा.

आत शिरताच मैदान दिसतं, त्यावर खेळाडूंचे माणसाएवढे ब्राँझचे पुतळे. पण मध्ये तारेची जाळी आहे, कोंबड्यांच्या खुराड्याला असते तसली. आधी सगळा इतिहास बघायचा, मगच मैदानात पाय ठेवायचा. घाई करू नका, निदान तीन तास काढा.

जाळीपाशी बक ओनील यांचा पुतळा मैदानाकडे बघत उभा आहे. लहानपणी फ्लोरिडात सेलरी या भाजीच्या शेतात राबलेले. सॅरासोटाच्या हायस्कूलमध्ये काळ्या मुलांना प्रवेशच नव्हता. पुढे ते मोनार्क्स या कॅन्सस सिटीच्या काळ्या संघाचे फर्स्ट बेसमन आणि मॅनेजर झाले. त्यांनी सांगितलेला १९४५ सालचा एक प्रसंग मनातून जात नाही. पुढे मेजर लीगची दारं काळ्यांना उघडणारा जॅकी रॉबिन्सन तेव्हा मोनार्क्समध्ये होता. पंपावर बसमध्ये पेट्रोल भरणं चालू होतं, पण टॉयलेट वापरायला मालकाने मनाई केली. रॉबिन्सन म्हणाला, मग नळी काढा, पेट्रोलही नको. एवढं गिऱ्हाईक हातचं जाईल म्हटल्यावर मालक नमला.

बाबा जाळीला बोटं लावून उभे होते. म्हणाले, "आपल्या बाळू पालवणकरला, एवढ्या मोठ्या बोलरला, दलित म्हणून पुण्यात चहा पॅव्हेलियनबाहेर द्यायचे, मातीच्या वेगळ्या भांड्यात."

शेवटी मैदानात गेलो. होम प्लेटमागे, म्हणजे बॅट्समनच्या मागे, कॅचर जॉश गिब्सन बसलाय. जानेवारी १९४७ मध्ये तो गेला, वय ३५. एप्रिलमध्ये रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला. २०२४ मध्ये या लीग्जचे आकडे मेजर लीगच्या नोंदीत धरले आणि .३७२ बॅटिंग सरासरीने गिब्सन सर्वांत वर गेला. त्याच्या पुतळ्याजवळ जरा खाली बसून पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, बघा. समोर सॅचेल पेज उभा आहे.

तिथून चालत पासिओ वायएमसीएची इमारत बघून या; १३ फेब्रुवारी १९२० रोजी रूब फॉस्टरने तिथेच नीग्रो नॅशनल लीग उभी केली. फॉरेस्ट हिल दफनभूमीला मात्र गाडी हवी. पेज आणि ओनील दोघेही तिथेच आहेत. उजेड असताना जा, आणि फुलं आधीच घेऊन ठेवा.