डोलकर म्हणजे डोलणारा

दुपारी जरा डोळा लागत होता, तेवढ्यात खाली सोसायटीच्या हॉलमध्ये ‘मी डोलकर’ सुरू झालं. गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम. झोपेला रामराम.

चौथीच्या गॅदरिंगला आमचंही हेच होतं. कमरेला चौकटीचा टॉवेल, हातात पुठ्ठ्याचं वल्हं. मी उंच, म्हणून मागच्या रांगेत, आणि मुलगी असून नाखवा. डोलकर म्हणजे डोलणारा, तेव्हा डोला, असा बाईंचा हुकूम. शिवाय ‘पान्यावरी’ म्हटलं की टाळी वाजवून गाणं थांबवायच्या. ‘पाण्यावरी! ण बाणातला!’ मग अख्खी होडी शुद्ध मराठीत दर्यावर निघायची. ऐन कार्यक्रमात माझं वल्हं मधोमध मोडलं. मी उरलेल्या अर्ध्यानेच वल्हवलं.

डोलणं डोक्यातून जायला पुढे वीसेक वर्षं लागली. बोंबील घेताना सहज बोलले, तर मासळीवाल्या मावशी कोयता थांबवून हसल्या. ‘डोल म्हंजे जालं गो बाय!’ तोंडाशी ऐसपैस, शेपटाकडे निमुळतं होत गेलेलं जाळं. समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधायचं, तोंड प्रवाहाकडे. भरती-ओहोटीचं पाणीच बोंबील, जवळा आत लोटतं. म्हणजे हा दर्याचा राजा मासळीमागे पळत नाही. पाणी फिरायची वाट बघतो.

गाणं लिहिलं शांता शेळके यांनी. जन्म १९२२चा, इंदापूरचा. तिथून समुद्र म्हणजे सह्याद्री उतरून पार पलीकडे. तरी ‘पान्यावरी’तला न त्यांनी न-च ठेवला. चाल हृदयनाथांची. लताबाईंबरोबर गायला कोण, तर बंगाली हेमंतकुमार! त्या आवाजाला कसली म्हणून घाई नाही. ढोलकी दुप्पट करून हे गाणं वाजवणाऱ्यांना मी दारात उभं करणार नाही. खाली आत्ता तेच चाललंय.

तर हे इंदापूर, बंगाल सगळं मी मावशींना तेव्हाच सांगितलं होतं. त्यांनी बोंबलांची डोकी उडवता उडवता ऐकलं. ‘असंल. पन गानं आमचंच हाय. वाटा बांधू का?’

खाली गाणं थांबलं. टाळी वाजली. कुणीतरी दटावत होतं, ‘पाण्यावरी! ण!’

उठून खाली जावं असं वाटलं. पण जाऊन सांगणार काय? चहा ठेवला.