पंचवीस वेळा आपटलेला डबा

क्लावेरचा किनारा समुद्रातून पाहिला की मला रत्नागिरीच आठवते. खरवडलेले डोंगर, आत लालभडक माती, आणि पाऊस पडला की कडेकडेने तांबडं होत जाणारं पाणी. आपला जांभा आणि तिथलं निकेलचं खनिज एकाच कुळातले, दोन्ही लॅटेराइट. आपण जांभ्याचे चिरे पाडतो, तिथले लोक ते खनिज जहाजात भरून चीनला पाठवतात.

फिलिपिन्समधल्या मिंदानाव बेटाच्या ईशान्य टोकाला सुरिगाव देल नोर्ते प्रांत आहे, त्यातलं हे क्लावेर. ऑक्टोबर होता, हंगाम संपत आलेला. पाच होल्डांचं, म्हणजे माल भरायच्या पाच कप्प्यांचं, चार क्रेनचं आमचं जहाज किनाऱ्यापासून दूर नांगरावर, आणि खनिज बार्जमधून, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू होड्यांतून येत होतं. मी चीफ मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा, माल भरण्यावर देखरेख करणारा अधिकारी. कॅप्टन, चीफ इंजिनिअर आणि मी भारतीय, बाकी अख्खा क्रू फिलिपिनो.

या खनिजाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. ओलसर निकेल खनिज दिसायला घट्ट मातीच. पण आतलं पाणी मर्यादेबाहेर असेल तर इंजिनाच्या थरथरीने आणि लाटांच्या हेलकाव्याने त्याचा चिखल होतो, तो एका कुशीला सरकतो आणि जहाज कलतं. परत उठत नाही. २०१० साली ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात अशी तीन जहाजं बुडाली, ४४ खलाशी गेले. २०१७ मध्ये फिलिपिन्सच्या पूर्वेला बुडालेल्या जहाजावर २६ जण होते, सगळे आपले भारतीय. दहा जणांचा पत्ताच लागला नाही. त्यामुळे इथे माल भरताना चीफ मेटची झोप उडालेली असते आणि जीभ सैल सुटलेली असते. हे समर्थन नाही, पण होतं तसं.

त्या दिवशी सकाळी साडेसातला पावसाची सर आली. चार नंबरच्या होल्डचं झाकण, म्हणजे हॅच, उघडा. पाऊस दिसला की हॅच बंद, हा नियम मी दहा वेळा सांगितला होता. मी डेकवर धावलो. पाच-सहा जण तिथे होते, शिवाय किनाऱ्यावरून आलेले स्टिव्हडोर, म्हणजे माल चढवणारे कामगारही. सगळ्यांसमोर बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला झापलं. तो माझ्याहून वयाने दहा वर्षं मोठा, इलोइलोचा, वीसेक वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. तो म्हणाला, ‘येस सर, सॉरी सर,’ आणि हसला.

त्या हसण्याने माझं डोकं सटकलं. ‘हसताय काय? मनिलाच्या एजन्सीला रिपोर्ट लिहीन,’ असं मी म्हणालो. खलाशांना नोकरी देणाऱ्या एजन्सीला रिपोर्ट म्हणजे पुढचं जहाज गेलं. हे मलाही माहीत होतं, ऐकणाऱ्या प्रत्येकालाही.

नंतर कळलं की पाऊस आला तेव्हा तो मागच्या बाजूला सुटू पाहणारी बार्ज बांधत होता. त्याने ते सांगितलं नाही. वरिष्ठ चिडलेला असताना कारण देणं म्हणजे उलट उत्तर. आणि ते हसू माझ्यासाठी नव्हतंच. चारचौघांत अब्रू गेली की चेहऱ्यावर काहीतरी धरावं लागतं, ते त्याने धरलं होतं.

दहा वाजता मेरियेंदा. हा शब्द स्पॅनिश आणि सवय पक्की फिलिपिनो: दोन जेवणांच्या मधलं खाणं. तिथे एक रीत आहे. कुणी काही खात असेल आणि तुम्ही जवळून गेलात, तर तो तुम्हाला ‘काइन, सर’ म्हणणारच. या, खा. तुम्ही बसावं अशी अपेक्षा नसते, पण म्हटल्याशिवाय घास उतरत नाही. आपल्याकडे ‘या जेवायला’ म्हणतात तसंच. चार महिन्यांत मेसच्या दारावरून जाताना ‘काइन’ ऐकू आलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. त्या दिवशी मी गेलो आणि काटे-चमचे थांबले, बस्स. कुणी वर पाहिलं नाही.

त्यांच्याकडे याला ‘तांपो’ म्हणतात. मुंबईच्या ट्रेनिंगमध्ये फिलिपिनो स्वभावावर एक स्लाइड होती. तीन शब्द आणि त्यांपुढे इंग्रजी अर्थ, परीक्षेत विचारतात म्हणून पाठ केलेले. तांपो त्यात नव्हता. त्याला मराठीत नेमका शब्द आहे, रुसवा. जवळच्या माणसाने दुखावलं की येतो तो. भांडण नाही, तक्रार नाही, नुसतं मागे सरकणं. त्या स्लाइडवरच्या ‘हिया’लाही ‘शेम’पेक्षा आपली ‘भीड’ जास्त शोभते. विर्हिलिओ एन्रिकेझ या त्यांच्याच मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकापासून हेच सांगितलं: परक्यांनी आमचे शब्द सुटे काढून त्यांना लेबलं लावली, पण मुळाशी आहे ‘काप्वा’, म्हणजे समोरचाही मीच अशी जाणीव. तो धागा धरला नाही तर बाकीचे शब्द नुसते विचित्र वाटतात.

दुपारी पाऊस उघडला, भरणं पुन्हा सुरू झालं. नव्या बार्जचा नमुना घेऊन कॅन टेस्ट, म्हणजे ओलाव्याची डब्यातली तपासणी, करायला मी कॅडेटला, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याला सांगितलं. हा पोरगा आल्बाय प्रांतातल्या ओआसचा. आडनाव ‘आर’वरून, कारण ओआसमध्ये बहुतेकांची आडनावं ‘आर’वरूनच. १८४९ मध्ये क्लावेरिया नावाच्या स्पॅनिश गव्हर्नरने आडनावांची छापील यादी काढून गावोगाव वाटली, त्यातलं एक अक्षर या गावाच्या वाट्याला आलं. असा वर्षानुवर्षं वरून आलेला हुकूम घेऊन आडनाव मिरवणारा मुलगा.

एक दहाला वॉकीटॉकीवर विचारलं, ‘टेस्ट झाली?’

‘येस सर.’

मी पुढच्या कामाला लागलो.

इथे आपण भारतीय हमखास फसतो. त्यांचं इंग्रजी चांगलं. १९०१ साली अमेरिकन शिक्षक बोटीने आले तेव्हापासून शाळेत इंग्रजी आहे. म्हणून आपल्याला वाटतं की शब्दही आपलेच आणि अर्थही आपलेच. पण त्या ‘येस’चा अर्थ पुष्कळदा ‘तुमचं बोलणं ऐकलं’ इतकाच असतो. आणि त्या दिवशी तर तो शब्दशः खरा होता. टेस्ट झाली होती. निकाल काय लागला, हे मी विचारलंच नव्हतं.

साडेतीनच्या सुमारास मी ऑफिसात कागद बघत होतो. चीफ कुक वाडगा घेऊन आला. चांपोरादो: चॉकलेट घालून शिजवलेला चिकट भात, वर दूध, आणि बाजूला तळलेला सुका मासा, ‘तुयो’. स्पॅनिश गॅलियन मनिला आणि मेक्सिकोतल्या आकापुल्को या बंदरांत १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं ये-जा करत, त्यांतून हा पदार्थ आला. मेक्सिकोत मका, इथे तांदूळ झाला. गोडाबरोबर सुकी मासळी म्हणजे माझ्या आईने कपाळाला हात लावला असता. पावसात मात्र झकास लागतं.

कुक बसला. हे नवीन होतं. म्हणाला, यंदा पाऊस फार आहे. मग म्हणाला, बोसनची मोठी मुलगी नर्सिंगला गेली, फी भारी. मग म्हणाला, त्याच्या गावचा एक मित्र निकेलच्या जहाजावर होता, चांगला माणूस होता. होता. मी चमचा थांबवला. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘सर, शेवटची बार्ज... मेबी लांग, सर. तुम्ही स्वतः एकदा बघाल का? मेबी लांग.’ म्हणजे आपलं सहजच.

मी तसाच बाहेर पडलो.

तीन नंबरच्या होल्डपाशी बोसन उभा, थोडा मागे कॅडेट. बार्जवर स्टिव्हडोरचा फोरमन, पन्नाशीचा गृहस्थ. टेस्ट अगदी साधी. लिटरभराचा पत्र्याचा डबा घ्यायचा, अर्धा खनिजाने भरायचा. हातभरापेक्षा कमी उंचीवरून, वीस सेंटिमीटरवरून, कठीण पृष्ठभागावर आपटायचा. एकेक-दोनदोन सेकंदांनी पंचवीस वेळा. मग वरचा थर बघायचा. मी डबा भरला आणि का कोण जाणे, बोसनच्या हातात दिला. ‘तुम्हीच आपटा, बोसन. तुमचा हात जास्त बसलेला आहे.’

त्याने हॅचच्या कठड्यावर आपटायला सुरुवात केली. मोजत कुणीच नव्हतं, पण सगळे मोजत होते. पंधराव्याच्या आसपास भुरभुरीत माती बसली. विसाव्याला वर चकाकी आली. पंचविसाव्याला डब्यातली माती ओल्या शेणासारखी गुळगुळीत, कडेने पाण्याची बारीक रेघ. फोरमन बार्जवरून ओरडला, ‘वरचं पाणी आहे, पावसाचं, खाली कोरडं आहे!’ बोसन काही बोलला नाही. त्याने डबा माझ्याकडे तिरका केला. पाणी हळूच एका बाजूला आलं.

‘स्टॉप लोडिंग,’ मी म्हणालो. ते माझं काम होतं, त्याचं नव्हतं.

सर्व्हेअर बोलावला, नमुने प्रयोगशाळेत गेले, ती बार्ज परत गेली. तीन नंबरमध्ये दोन-अडीच तासांत पडलेला माल ग्रॅबने उपसून काढावा लागला. त्याची हकिगत रटाळ आहे, सोडतो.

रात्री कुकने उरलेलं सांगितलं. फोरमन पूर्वी खलाशी होता. बोसन विशीत मनिलाच्या कालाव रस्त्यावर नोकरीच्या शोधात फिरत होता, एका एजन्सीत बिनपगारी पडेल ते काम करत होता. तेव्हा ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटांचे पैसे या माणसाने भरले. पहिलं जहाजही त्यानेच मिळवून दिलं. पुढे बोसनच्या मुलीचा तो ‘निनोंग’ झाला, म्हणजे बाप्तिस्म्यातला धर्मपिता. दोघे एकमेकांचे ‘कुम्पारे’. हे नातं स्पॅनिश पाद्र्यांनी आणलं, पण त्याच्या आत जे भरलंय ते त्याआधीचं. त्याला म्हणतात ‘उतांग ना लोओब’. उतांग म्हणजे कर्ज, लोओब म्हणजे आतलं. पैशाने न फिटणारं. आपण ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ म्हणतो.

कॅडेटने एक दहालाच पाणी पाहिलं होतं आणि बोसनला दाखवलं होतं. कॅडेट बोसनला ओलांडून माझ्याकडे येणार नाही. बोसन आपल्या कुम्पारेचा माल सर्वांदेखत खोटा पाडणार नाही. आणि माझ्याकडे येऊन कानात सांगायचं, तर सकाळीच मी त्याची चारचौघांत शोभा केली होती. मग त्याने कुकला गाठलं, कुकने चांपोरादो शिजवला. निरोप पोचला. त्यात वेळ गेला, आणि त्या वेळात टनावारी ओला माल होल्डमध्ये पडत होता. हे मी गोड करून सांगणार नाही, जीव गेले असते. पण ‘तो गप्प बसला’ असंही मला म्हणता येत नाही. त्याच्यासमोरच्या तीन दारांपैकी एक मी स्वतः सकाळी साडेसातला बंद केलं होतं.

मागे क्रू बदलीच्या वेळी मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक ताम्रपट पाहिला होता, १९८९ मध्ये लागुना प्रांतात सापडलेला. पाटीवर तारीख वाचून मी तिथेच थबकलो: शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी. आपला शक, आपला महिना, स्पॅनिश यायच्या सहाशे वर्षं आधी. त्यांच्या देशातला हा सर्वांत जुना तारीखवार लेख, आणि त्यात आहे काय? नामवरान नावाच्या माणसाचं कर्ज फिटलं, त्याचे वंशजही मोकळे, असा दाखला. बोसनला ते सांगितलं होतं तेव्हा तो खूश झाला होता. मग आम्ही शब्द जुळवत बसलो होतो: मुक्हा म्हणजे मुख, गुरो म्हणजे गुरु, बालिता म्हणजे वार्ता. ‘बुधी’ म्हणजे त्यांच्याकडे बुद्धी नाही, सदसद्विवेक.

कॅप्टनने विचारलं, पहिली टेस्ट एक दहाला, दुसरी तीन चाळीसला, मधे काय? मी म्हटलं, निकाल मी विचारला नाही. ते खरंच होतं. लॉगबुकात दोन्ही वेळा लिहिल्या, नाव कुणाचंच लिहिलं नाही. एजन्सीला काही लिहिलं नाही. बोसनची माफी मागायची होती, तर कुकने मान हलवली. ‘नको, सर. पुन्हा सगळे बघतील.’

तिसऱ्या दिवशी पहाटेची वॉच संपवून ऑफिसात आलो तर टेबलावर फॉइलने झाकलेली ताटली. आत पान्सित, शेवयांसारख्या नूडल्स, त्यांच्याकडे वाढदिवसाला करतात त्या. वाढदिवस कुणाचाच नव्हता. मेसमध्ये विचारलं, कुणी ठेवली? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ‘डोन्ट नो, सर.’ बोसनही तेच म्हणाला. फॉइलवर तांबड्या मातीचा एक अंगठा उमटला होता, पण त्या आठवड्यात जहाजावर सगळ्यांचेच हात तांबडे होते.