तेरा रविवार कॉसमॉसचे

एप्रिलमध्ये लेकीची परीक्षा संपली आणि घरात ठरलं की दर रविवारी रात्री जेवणं झाली की अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनच्या जुन्या कॉसमॉस या विज्ञान-मालिकेचा एक एपिसोड बघायचा. एकूण तेरा एपिसोड, म्हणजे तेरा रविवार. 1980 ची मालिका, अमेरिकेत पीबीएस या टीव्ही वाहिनीवर सप्टेंबरच्या शेवटी सुरू झालेली. आता तिच्याकडे बघायचं म्हणजे आधी त्या चॉकलेटी कोटाकडे आणि गळाबंद स्वेटरकडे बघून हसून घ्यावं लागतं, ते लेकीने पहिल्या पाच मिनिटांत उरकलं. दुसरं हसू त्याच्या कल्पनेच्या यानाला. आत बसून हा माणूस मिनिटभर नुसता आकाशगंगांकडे आश्चर्याने बघत बसतो आणि मागे व्हँजेलिसचं संगीत. खरं सांगायचं तर तेवढं मीही फॉरवर्ड केलं, दोनदा.

पण पहिल्याच एपिसोडमध्ये तो एरॅटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानावर येतो आणि तिथे आमच्या घरात शांतता झाली. हातात इजिप्तचा नकाशा काढलेला एक पुठ्ठा, त्यावर दोन छोटे खांब उभे, बस. एक खांब सायीनला म्हणजे आजच्या आस्वानजवळ, दुसरा अलेक्झांड्रियात. 21 जूनला भर दुपारी सायीनला सावली नाही आणि अलेक्झांड्रियात आहे, असं कसं? पुठ्ठा सपाट धरला तर दोन्ही सावल्या सारख्या पडतात, मग तो पुठ्ठा हळूच वाकवतो आणि एका खांबाची सावली लांब होते. कॉम्प्युटर ग्राफिक्स नाहीत, धडाम आवाज नाहीत. कोनातला फरक साधारण सात अंश, दोन गावांमधलं अंतर आठशे किलोमीटर, सात अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग, आठशे गुणिले पन्नास, चाळीस हजार किलोमीटर झाला पृथ्वीचा घेर. लेक म्हणाली, "एवढंच? हे तर आपण पण करू शकतो."

तर आम्ही केलं, कारण मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली पडत नाही तो दिवस, पुण्याला असतोच, 13-14 तारखेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास. नागपूरला तो दिवस बारा दिवसांनी येतो, म्हणजे पुण्यात सावली गायब असते तेव्हा नागपुरात थोडी उरलेली असते. लेकीचा मामा नागपुरात. त्याला फोन करून सांगितलं, एक मीटरची काठी गच्चीवर ओळंब्याने सरळ उभी कर आणि बाराच्या थोडं आधीपासून सावली मोजत रहा, सगळ्यात छोटी असेल तेवढी लिहून ठेव. तिकडे मेमध्ये तापमान पंचेचाळीसच्या आसपास असतं, बिचारा डोक्याला पंचा बांधून उभा होता आणि त्याने सगळ्यात छोटी सावली साडेचार सेंटिमीटर कळवली. इकडे आमची काठी बिनसावलीची, लेक तिच्याभोवती गोल गोल फिरून खात्री करत होती.

साडेचार सेंटिमीटर म्हणजे अडीच अंश धरले. 360 भागिले अडीच, 144. पुणे-नागपूर रस्त्याने साधारण सातशे किलोमीटर. गुणाकार केला तर पृथ्वीचा घेर एक लाख किलोमीटर! पृथ्वी अडीच पट फुगली. मी आधी मामाला झापलं, काठी वाकडी धरली असशील म्हणून. त्याने मला झापलं. मग रात्री नकाशा समोर घेतल्यावर ट्यूब पेटली की नागपूर पुण्याच्या उत्तरेला नाहीये, बरंचसं पूर्वेला आहे, आणि आपल्याला हवं फक्त उत्तर-दक्षिण अंतर. ते नकाशावर पट्टीने मोजलं तर 290 च्या आसपास. 144 गुणिले 290, साडेएक्केचाळीस हजारांच्या थोडं वर. एका पुठ्ठ्यावरून सुरू झालेल्या उद्योगात ही चूक मला सगळ्यात आवडली, कारण एरॅटोस्थेनिसनेही दोन गावं एकमेकांच्या सरळ उत्तर-दक्षिण धरली होती हे मग नीट कळलं, नुसतं बघताना ते डोक्यावरून गेलं होतं.

मालिकेत सगळंच असं टिकलंय असं नाही. विश्वाचं वय तो पंधरा अब्ज वर्षं धरतो आणि तेवढा काळ एका वर्षाच्या कॅलेंडरमध्ये बसवतो. आता 13.8 अब्ज म्हणतात, कॅलेंडर मात्र चालतं. जपानच्या हेइके खेकड्यांची गोष्ट तर मला लहानपणापासून पाठ होती, पाठीवर सामुराईचा चेहरा दिसणारे खेकडे कोळ्यांनी परत पाण्यात सोडले म्हणून तसे चेहरे वाढत गेले, आणि आता वाचलं तर जीवशास्त्रज्ञ म्हणतात की हे खेकडे एवढे छोटे की कोणी खातच नाही, आणि त्या रेघा म्हणजे आत स्नायू चिकटायच्या जागा. चला, एक गोष्ट गेली. अलेक्झांड्रियातली गणितज्ञ हायपेशिया हिचा खून आणि अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा शेवट तो जवळजवळ एका दमात सांगतो, त्यावरही इतिहासवाले नाराज आहेत, इ.स. 415 मध्ये ती मारली गेली तोवर ते मोठं ग्रंथालय कधीच लयाला गेलेलं होतं.

दहावा एपिसोड सगळ्यांनी तुकड्यात तरी बघितलेला असतो. तमिळनाडूतला पोंगल, चोळांच्या काळातला कांस्य नटराज, आणि ब्रह्मदेवाचा एक दिवस-रात्र म्हणजे 8.64 अब्ज वर्षं. आमच्या फॅमिली ग्रुपवर ही क्लिप दरवर्षी येते, खाली हात जोडलेले आठ-दहा. याच नावाच्या पुस्तकात हे आकडे आजच्या विज्ञानाशी जुळतात असं लिहिताना त्याने 'निःसंशय योगायोगाने' असंही लिहिलंय, ते मी एकदा ग्रुपवर टाकलं. त्यानंतर काकांनी दोन दिवस गुड मॉर्निंग पाठवलं नाही. तसा ज्या मायेने तो पोंगलचं दूध उतू जाताना बघतो ते बघून मला मात्र भरून आलं, चिडायचं काय त्यात.

2014 चा नवा कॉसमॉस, नील डीग्रास टायसनचा, लेकीला जास्त आवडतो. कार्टून आहे, वेग आहे, चित्रं भारी आहेत. मला तिथे कोणी पुठ्ठा वाकवत नाही याची चुटपुट लागते, पण तेराव्या वर्षी मलाही वेगच आवडला असता. तेराव्यावरून आठवलं, जुन्या मालिकेचा शेवटचा एपिसोड अणुयुद्धावर आहे. आई म्हणाली, तेराव्याला गोडाचं जेवण असतं, यांचं उलटंच.

दहाव्या एपिसोडपर्यंत आई दर रविवारी टीव्हीवरची आपली मालिका संपवून मगच येऊन बसायची, अर्धवट. अकराव्या एपिसोडला मात्र पूर्ण बसली, कारण त्यात व्हॉयेजर या अवकाशयानावरची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी येते. मी सांगितलं की त्या तबकडीवर 55 भाषांत नमस्कार आहेत, त्यात मराठीतही आहे, आणि गाण्यांत आपल्या केसरबाई केरकर आहेत. "गोव्याच्या?" हो, केरीच्या. एपिसोड थांबवला, मोबाइलवर 'जात कहाँ हो' लावलं. आई डोळे मिटून ऐकत होती, लेक तिच्या तोंडाकडे बघत होती. साडेतीन मिनिटांत संपलं.

"भैरवी एवढ्यात उरकली?"

जुन्या 78 च्या तबकडीवर तेवढंच मावायचं, मी म्हटलं. मग हेही सांगितलं की 5 सप्टेंबर 1977 ला व्हॉयेजर एक सुटलं आणि 16 सप्टेंबरला बाई मुंबईत गेल्या.

आई काही बोलली नाही. मग म्हणाली, "परत लाव."